गळपट्टा आणि श्वास

माणसाने कुत्र्याच्या गळ्यात बांधलेला पट्टा ही मालकीची खूण असते, तशी मायेचीही. मात्र तो जेथे रुतावा, नेमक्या त्याच जागी श्वासनलिका असते. सुमारे 35 ते 45 अर्धगोल कूर्चांनी ती उघडी राहते. कूर्चांच्या पाठीमागची फट एक पातळ पडदा झाकतो. लहान चणीच्या काही कुत्र्यांत या कूर्चा मऊ पडतात, पडदा सैलावतो आणि नळी चपटी होते. मानेतला भाग श्वास घेताना मिटतो, छातीतला सोडताना. मग हंसाच्या कर्कश ओरडण्यासारखा खोकला ऐकू येतो. हा विकार बहुधा मध्यम वयात प्रकटतो. परंतु काही पिल्लांना तो पहिल्या वर्षातच गाठतो आणि साध्या संसर्गाचा खोकला समजून दुर्लक्षिला जातो. क्ष-किरण व दुर्बिणीची तपासणी केल्यावरच निदान पक्के होते.

1888 साली व्हिक्टोरिया राणीने फ्लोरेन्सहून एक छोटा पॉमेरेनियन इंग्लंडात आणला आणि लहानपणाची आवड रूढ होत गेली. या जातीचे पूर्वज उत्तरेकडील थोराड, कष्टकरी कुत्रे होते. यॉर्कशायर टेरियरही मुळात गिरण्यांतले उंदीर मारणारा. त्यांना मांडीवर मावेल असे रूप देताना माणसाने डोळ्यांवर विश्वास ठेवला. श्वासाकडे कान दिला नाही. आज हा विकार प्रामुख्याने अशाच जातींत आढळतो.

उपचाराचा आरंभ गळपट्टा काढण्यापासून होतो, यातला उपरोध बोलका आहे. त्याच्या जागी छातीभोवतीचा पट्टा येतो. वजन उतरवायचे, धूर आणि उष्मा टाळायचा, खोकला शमवणारी औषधे द्यायची. एवढ्यावर पुष्कळ कुत्री वर्षानुवर्षे सुखाने जगतात. ते अपुरे पडले, तर मानेतल्या नळीला बाहेरून कडी शिवतात किंवा आत धातूची जाळी बसवतात. तथापि जाळी वाट उघडी ठेवते, कूर्चेला बळ देत नाही. क्वचित ती स्वतःच मोडते. म्हणूनच अशा कुत्र्याची पुढे पैदास न करणे, हाही उपचाराचाच भाग होय.

या खोकल्याला आनंदही निमित्त होतो. धनी दारात दिसताच पिल्लू हर्षाने उसळते आणि गुदमरते. त्याला शांत ठेवण्यासाठी धन्यालाच आपले लाड आवरावे लागतात. ज्या मायेने पट्टा बांधला, तिला येथे हात सैल करण्याचा संयम शिकावा लागतो.