पाठवणीविना

वर्षभराच्या अभ्यासासाठी आम्ही दोघे लंडनला निघालो आहोत. ब्रिटिश लायब्ररीतील जुनी मराठी पुस्तके पाहावीत, ही इच्छा एम.ए.च्या दिवसांपासूनची. रजा मंजूर झाली, व्हिसा आला, आणि त्याच आठवड्यात मनावर मळभ दाटले. भीती म्हणावी, तर तीही नव्हे.

सासरी निघालेल्या मुलीला आपण पाठवणीच्या वेळी मनसोक्त रडू देतो. शिकायला निघालेल्याच्या वाट्याला मात्र पेढे आणि अभिनंदन. हौसेने निघालेल्याने खिन्न व्हायचे कोणत्या तोंडाने? (आमच्या हितचिंतकांनी तसे विचारलेही.) १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्यासाठी अमेरिकेला निघाल्या. त्याआधी बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांना आपण का जातो, याचा जाहीर खुलासा करावा लागला. वय अवघे अठराच्या आसपास. एप्रिलमध्ये पतीला मागे ठेवून त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. आम्ही वर्गात ते भाषण धैर्याचा नमुना म्हणून सांगत आलो. खुलासे देणाऱ्याला उदास होण्याची सवड कुठून मिळणार, हा प्रश्न आता पडतो.

आमच्या घरी तूर्त वाद आहे तो २३ किलोंचा. मोल्सवर्थचा कोश जालावर आहे, तरी तो दोनदा बॅगेत गेला आणि दोनदा बाहेर आला.