घड्याळ जुळले आणि ओळख पटली

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. संगणकाशी संबंध हिशेबापुरता. गेल्या सुट्टीत बेळगावातल्या एका पतसंस्थेत कामाला होतो. तिथे निम्मे संगणक विंडोजचे, निम्मे लिनक्सचे. प्रत्येकावर पासवर्ड वेगळा, म्हणून सारे पासवर्ड टेबलाच्या काचेखाली! शेवटी सर्वांची ओळख एकाच सर्व्हरवर ठेवायचे ठरले.

पद्धत होती कर्बेरॉस. अमेरिकेतील एम.आय.टी.त १९८३ साली सुरू झालेल्या अथेना प्रकल्पातून ती निघाली. विंडोज २००० मध्येही ती आली. यात पासवर्ड तारेवरून फिरत नाही. बसच्या पासासारखे मुदतीचे तिकीट मिळते, त्याच्याच आधारे सगळीकडे ओळख पटते.

विंडोजवाले जोडले गेले. एक लिनक्स संगणक मात्र मला ओळखेचना. नाव बरोबर, पासवर्ड बरोबर. दोन दिवस डोके खाजवले. अखेर शिपाईमामांनी कन्नडमधून विचारले, "याचं घड्याळ मागे का?" पाहतो तो सात मिनिटे मागे! चोरून टिपलेला जुना संदेश कुणी पुन्हा वापरू नये, म्हणून कर्बेरॉस सहसा पाच मिनिटांपलीकडे फरक चालवून घेत नाही. वेळ लावली, दार उघडले.

घरी मराठी, बाजारात कन्नड बोलणाऱ्या मला "तू नेमका कुठला?" असे नेहमी विचारतात. त्या दिवसापासून मी उत्तर शोधत बसत नाही. भाषा दोन असल्या तरी चालते. घड्याळ तेवढे जुळायला हवे.