क्रॅनच्या कडक नियमांची बाजू

बरीच वर्षं माझं एक मत पक्कं होतं. कोड लिहिणारा आणि तो वापरणारा यांच्या मध्ये कुणी उभं राहू नये. ज्याने पॅकेज लिहिलं त्याने ते लगेच सगळ्यांसमोर ठेवावं, ज्याला हवं त्याने उचलावं, चांगलं असेल ते टिकेल. या मताला माझ्याकडे कारण होतं. मी संख्याशास्त्र शिकले तेव्हा विकतची सांख्यिकी सॉफ्टवेअरं आमच्या विभागाला परवडत नव्हती. आर ही भाषा फुकट मिळाली, तिची पॅकेजं फुकट मिळाली, आणि त्यांच्या जोरावर पुढे पाऊस आणि पिकांच्या आकडेवारीत माझं पोट चाललं. उघड्या दारातून आत आलेल्या माणसाला दारावरची चौकशी आवडत नाही, तशी मला ती कधीच आवडली नाही.

आणि आरच्या दारावर चौकशी आहे. कुर्ट हॉर्निक आणि फ्रीडरिश लाइश यांनी 1997 साली व्हिएन्नातून क्रॅन सुरू केलं, म्हणजे आरच्या पॅकेजांचं सामायिक भांडार. आज तिथे वीस हजारांहून जास्त पॅकेजं आहेत. प्रत्येक पॅकेजाला आधी यंत्राची तपासणी पार करावी लागते, आणि नवीन असेल तर माणसाचीही. तपासणारे मूठभर स्वयंसेवक. त्यांचे नियम वाचले की माझ्या कपाळावर आठ्या पडायच्या. पॅकेजाच्या वर्णनात दुसऱ्या सॉफ्टवेअरचं नाव आलं तर ते एकेरी अवतरणचिन्हात हवं. वर्णनाची सुरुवात 'हे पॅकेज' अशा शब्दांनी नको. उदाहरणं काही सेकंदांत चालून संपली पाहिजेत. महिना-दोन महिन्यांतून एकापेक्षा जास्त वेळा नवी आवृत्ती पाठवू नका. माझ्या विद्यार्थ्यांना मी याउलट जावास्क्रिप्टच्या एनपीएम या भांडाराचं उदाहरण द्यायचे. तिथे एक आज्ञा टाइप केली की पॅकेज जगभर पोचतं. 2019 मध्ये तिथल्या पॅकेजांनी दहा लाखांचा आकडा ओलांडला, तेव्हा मी वर्गात सांगितलं होतं की मोकळं सोडलं की समाज असा वाढतो.

त्याआधी, मार्च 2016 मध्ये, लेफ्ट-पॅडचं प्रकरण होऊन गेलं होतं. अकरा ओळींचं पॅकेज. काम एवढंच, की शब्द ठरावीक लांबीचा व्हावा म्हणून त्याच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा किंवा शून्यं भरायची. दुसऱ्याच एका पॅकेजाच्या नावावरून वाद झाला, आणि लेखकाने आपली सगळी पॅकेजं एनपीएमवरून काढून घेतली. त्यासरशी बेबेलसारख्या मोठ्या प्रकल्पांसकट जगभरचं काम अडलं, आणि एनपीएमला ते पॅकेज दोनेक तासांत स्वतः परत ठेवावं लागलं. तेव्हा सगळे विचारत होते, अकरा ओळींसाठी पॅकेज लागतंच कशाला? मला तो प्रश्न तेव्हाही गौण वाटला, आजही वाटतो. छोटं पॅकेज असणं हा दोष नाही. पण त्यातली खरी गोष्ट माझ्याही नजरेतून निसटली होती. त्या अकरा ओळींवर कोण कोण उभं आहे हे काढून घेणाऱ्याला बघावं लागत नव्हतं, आणि जे उभे होते त्यांना कुणी आधी सांगणार नव्हतं. मी त्याला स्वातंत्र्याची किंमत म्हटलं. एनपीएमने पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक केले, आणि माझ्यापुरता विषय मिटला.

मत हललं ते 2020 पासून, आणि हळूहळू. त्या एप्रिलमध्ये आरची 4.0.0 ही आवृत्ती आली आणि तिने एक जुनी सवय सोडली. तोवर आरमध्ये तक्ता वाचला की मजकुराचा प्रत्येक स्तंभ आपोआप 'फॅक्टर' व्हायचा. म्हणजे आत साठवायचे 1, 2, 3 असे क्रमांक, आणि वर लावायची मूळ शब्दांची लेबलं. पावसाच्या आकड्यांशी काम करणाऱ्या माणसाला हे किती महागात पडतं ते सांगते. मिलिमीटरच्या स्तंभात शेकडो आकडे नीट आहेत, पण एका मंडळाच्या नोंदीत कुणीतरी 'निरंक' असं लिहिलंय. त्या एका शब्दामुळे अख्खा स्तंभ मजकूर ठरतो आणि मजकूर म्हणून फॅक्टर होतो. मग त्याचे पुन्हा आकडे करायला जावं, तर 12.5 च्या जागी त्या लेबलाचा अनुक्रमांक मिळतो, समजा 4. चूक झाल्याचा संदेश येत नाही. सरासरी निघते, नकाशा रंगतो, आणि सगळं खोटं असतं. ही सवय जायलाच हवी होती.

पण तिच्यावर विसंबून लिहिलेला कोड अफाट होता. भाषेचा पायाच हलवायचा तर वरची घरं पडणार. इथे क्रॅनची चौकशी कामाला आली. बदल आधी आरच्या विकसनाधीन आवृत्तीत गेला. क्रॅनवरची पॅकेजं त्या आवृत्तीवर चालवून पाहिली गेली, आणि जी अडखळली त्यांच्या मेंटेनरांना, म्हणजे ती सांभाळणाऱ्यांना, कळवलं गेलं. नवी आवृत्ती आली त्या आठवड्यात आम्ही रोज वापरत होतो ती पॅकेजं मुकाट्याने चालली. अडखळला तो आमचाच कोड, फोल्डरांत साठवलेला, ईमेलने एकमेकांना पाठवलेला, कुणाच्याच यादीत नसलेला. त्याला कुणी आधी सांगितलं नाही, कारण तो आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ज्या मोकळेपणाची मी बाजू घेत होते, तो आमच्या फोल्डरांत पुरेपूर होता.

दुसरी गोष्ट ऑक्टोबर 2022 ची. आयसोबँड नावाचं एक पॅकेज आहे. नकाशावर समान पावसाच्या रेषा आणि त्यांच्यामधले पट्टे काढायचे असतील तर ते गणित हे पॅकेज करतं. आलेख काढण्याचं आरमधलं सर्वांत लाडकं पॅकेज जीजीप्लॉट2 त्याच्यावर विसंबलेलं आहे, आणि जीजीप्लॉट2 वर इतर हजारो. क्रॅनच्या तपासणीत आयसोबँडमध्ये एक खोट निघाली. तीही रेषांच्या गणितात नव्हती, चाचण्यांसाठी जोडलेल्या सी-प्लस-प्लस कोडात होती. ठरल्या तारखेपर्यंत दुरुस्ती आली नाही तर पॅकेज भांडारातून काढून संग्रहात टाकलं जाणार होतं, आणि त्याच्यावर उभं असलेलं सगळं धोक्यात येणार होतं. तशी सूचना साखळीतल्या हजारो पॅकेजांच्या मेंटेनरांना गेली. एका चाचणीच्या फाइलपायी एवढ्या लोकांची झोप उडवायची? माझी पहिली प्रतिक्रिया हीच होती.

मग पुढे काय झालं ते पाहिलं. मुदतीच्या बरंच आधी दुरुस्त आवृत्ती आली आणि कुणाचाही आलेख बंद पडला नाही. लेफ्ट-पॅडच्या वेळी साखळी दिसली ती तुटल्यावर. इथे ती तुटण्याआधी, प्रत्येक कडी नावानिशी, संबंधितांच्या टपालात पोचली होती. या फरकाने माझं मत फिरवलं.

तेव्हापासून मी क्रॅनचे नियम वेगळ्या नजरेने वाचते. पॅकेजाने वापरणाऱ्याच्या घरच्या फोल्डरात न विचारता काही लिहू नये, तात्पुरतं काही ठेवायचं तर तात्पुरत्या जागी ठेवावं. फंक्शनने एखादी सेटिंग बदलली तर बाहेर पडताना ती पूर्ववत करावी. आणि सर्वांत मोलाचा नियम: तुमच्या बदलाने दुसऱ्याचं पॅकेज मोडणार असेल तर त्याच्या मेंटेनरला किमान दोन आठवडे आधी कळवा. सोसायटीत टाकी धुवायची असेल तर आदल्या दिवशी फळ्यावर सूचना लागते, तितकाच साधा शिष्टाचार आहे हा. मी ज्यांना लिहिणाऱ्यावरची बंधनं म्हणत होते, त्यांतले बहुतेक नियम वापरणाऱ्याच्या बाजूने लिहिलेले आहेत. आणि वापरणारा त्या दारात हजर नसतो, त्याच्या वतीने कुणीतरी तिथे बसावंच लागतं. भांडारातून काढलेल्या पॅकेजांच्या जुन्या आवृत्त्याही क्रॅनच्या संग्रहात राहतात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचं विश्लेषण पुन्हा तपासायची वाट खुली असते. आमच्या क्षेत्रात याचं मोल फार आहे.

याचा अर्थ मला सगळंच पटलंय असं नाही. वाईट हेतूने घुसवलेला कोड या तपासणीत पकडला जाईलच, असं मानणं धोक्याचं आहे. ती त्यासाठी बांधलेलीच नाही. दुरुस्तीच्या मुदती कधी कधी फार थोड्या असतात, आणि नोकरी सांभाळून, बिनपगारी, रात्री बसून पॅकेज जपणाऱ्या माणसाला त्या जाचतात. सर्वांत खटकतं ते हे, की परीक्षक आणि लेखक यांच्यातला संवाद ईमेलमध्ये राहतो. जैविक माहितीसाठीचं बायोकंडक्टर आणि संशोधकांचं आरओपनसाय ही तपासणी उघड्यावर करतात. कुणीही वाचावी, नवख्याने त्यातून शिकावं. क्रॅननेही हे करायला हवं. परीक्षण सर्वांना दिसू लागलं तर मदतीचे हातही वाढतील, आणि तिथे हात कमी आहेत.

तुमच्यापैकी अनेकांच्या संगणकावर उपयोगी फंक्शनं पडून असतील. तालुक्यांची नावं जुळवणारी, देवनागरी आकड्यांचे रोमन आकडे करणारी, सातबाऱ्याच्या क्षेत्राचं हेक्टर-आरमधलं गणित करणारी. ती ईमेलने फिरवू नका. पॅकेजात बांधा, तपासणी चालवा, ज्या चुका दाखवल्या जातील त्या निमूट दुरुस्त करा आणि आपल्या नावापत्त्यासह भांडारात ठेवा. आणि पुढची आवृत्ती काढण्याआधी तुमच्यावर कोण विसंबून आहे ते बघून त्यांना कळवा.