ताणावर सोडलेलं क्रिकेट

क्रिकेटच्या शौकिनाला दोन प्रकारचे ताप येतात. एक सामन्यांच्या दिवसांतला. तो घाम आला की उतरतो. दुसरा सामने नसतानाचा. तो बारीक असतो आणि अंगात मुरतो. कोण कोणत्या संघात चाललाय, कोण कोणावर रुसलाय, कोणाला लिलावात काय भाव येणार, ही सगळी त्या तापातली बडबड!

आमच्या शाखेत या साथीचा उगम कॅश काउंटरवर आहे. आमचे हेडकॅशियर नोटांची गड्डी मोजता मोजता बातमी सांगतात आणि तरीही गड्डी चुकत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये हार्दिक पंड्या गुजरात सोडून मुंबईत परतला, तेव्हा काउंटरपुढची रांग दारापर्यंत गेली. डिसेंबरात पाच करंडक जिंकून देणाऱ्या रोहितला बाजूला सारून हार्दिकला कर्णधार केलं, तेव्हा तर एका मोसंबीवाल्यानं चेक वटवायचं सोडून आधी आपलं मत नोंदवलं. शाखेत दोन पक्ष पडले. मी रोहितच्या पक्षात. चहासुद्धा पक्षवार येऊ लागला.

2024 च्या उन्हाळ्यात वानखेडेवर लोकांनी आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडवली आणि मुंबई दहा संघांत दहावी आली. गप्पांची वर्षभराची बेगमी झाली! पण 29 जूनला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना शेवटच्या षटकावर आला. दक्षिण आफ्रिकेला सहा चेंडूंत 16 धावा हव्या होत्या. कर्णधार रोहित, चेंडू हार्दिकच्या हाती. पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमारनं सीमारेषेवर मिलरचा झेल टिपला, भारत 7 धावांनी जिंकला आणि रोहित-हार्दिक एकमेकांच्या गळ्यात पडले. आमचं सात महिन्यांचं वैर सहा चेंडूंत निकालात! दोन्ही पक्षांचे चहाचे पैसे तेवढे बुडीत खाती गेले.

तेव्हापासून माझा इंटरेस्ट घटू लागला. आमच्याकडे व्याज 90 दिवसांहून अधिक थकलं की खातं अनुत्पादक ठरवतात. मी तर बरीच जास्त मुदत दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात जेद्दाच्या लिलावात ऋषभ पंतला 27 कोटी मिळाले, तेव्हा 27 वर शून्यं किती एवढंच मी मोजलं आणि पुन्हा कामात डोकं घातलं.

म्हणजे क्रिकेट नावडतं झालं असं नव्हे हं! आमच्या जालन्याकडे मोसंबीची बाग बहरापूर्वी ताणावर सोडतात. पाणी तोडतात. पानं मलूल होतात, मालकाचा जीव वरखाली होतो. पण ताण बसल्याशिवाय झाड नीट फुलत नाही. बारा महिने पाणी पाजलं तर नुसता पाला माजतो. क्रिकेटमध्ये सध्या तोच माजलाय. याच जालन्याच्या विजय झोलनं 2011 साली कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद 451 धावा काढल्या होत्या. 451 धावा अफवेला जमत नाहीत. त्यासाठी खेळपट्टीवर उभं राहावं लागतं.

सबब, सामने नसताना मी बागेचं पाणी तोडलंय. वर्तमानपत्राचं शेवटचं पान वाचत नाही. त्यामुळे सामना सुरू झाला की पहिल्या चेंडूला पुन्हा पोटात गोळा येतो. शाळेत असताना यायचा तसा!

एका झाडाला मात्र तांब्याभर पाणी रोज घालतो. हेडकॅशियर पुढच्या मार्चात निवृत्त होतायत. मुलं पुण्याला, वहिनी चार वर्षांपूर्वी गेल्या; घरी बोलायला भिंती. दुपारी डबा उघडताना ते माझ्याकडे सरकतात आणि विचारतात, "ऐकलं का हो?" त्यांनाही हार्दिकचं फारसं काही पडलेलं नाही, हे मी जाणून आहे. इंटरेस्ट बुडाला म्हणून मुद्दल कोण सोडतो?

मी डबा त्यांच्यापुढे करतो आणि म्हणतो, "नाही बुवा! काय झालं?"