महाडचा स्लो, महाबळेश्वरची हवा

यामाहा आरएक्स 100 ही 98 सीसीची टू-स्ट्रोक मोटरसायकल 1996 मध्ये उत्पादनातून गेली; पोर्ट, म्हणजे सिलिंडरमधली मिश्रण व धूर जाण्यायेण्याची छिद्रे, मोठे करून आणि वेगळा सायलेन्सर बसवून जपलेली अशी गाडी स्लोला, म्हणजे थ्रॉटल सोडलेल्या अवस्थेत, स्थिर ठेवणे हे तिला पळवण्याहून अवघड असते, कारण पोर्ट रुंदावल्यावर कमी गतीला हवेचा वेग मंदावतो आणि पायलट जेटमधून, म्हणजे स्लोचे पेट्रोल पुरवणाऱ्या बारीक छिद्रातून, इंधन नीट खेचले जात नाही. इंजिन पूर्ण तापल्यावर एअर स्क्रू, म्हणजे स्लोच्या मिश्रणातली हवा कमी-जास्त करणारा स्क्रू, अलगद आत बसवून साधारण दीड फेरा सैल करावा, तेथून पाव-पाव फेऱ्याने इंजिनाची गती सर्वाधिक होते ती जागा शोधावी आणि मगच थ्रॉटलच्या स्क्रूने गती उतरवावी. हा क्रम उलटला (उतावळेपणाने तो बहुधा उलटतोच) की बिघडलेले मिश्रण वाढवलेल्या गतीआड लपते.

समुद्रसपाटीलगतच्या महाडला जुळवलेले मिश्रण पोलादपूरहून आंबेनळी घाटाने सुमारे 1,350 मीटर उंचीच्या महाबळेश्वरला पोहोचेपर्यंत रिच होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडते, कारण तेथील हवा जवळजवळ आठव्या हिश्श्याने विरळ असते. एअर स्क्रू किंचित सैल केल्यास स्लो सावरतो. मात्र परतताना स्क्रू पूर्ववत न केल्यास खालच्या दाट हवेत मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, होऊन पिस्टन अति तापू शकतो.