न पाहिलेल्या गाडीचा इसार

सांगलीच्या हळद पेठेत माल डोळ्यांआड असताना व्यवहार ठरणे ही नवलाची गोष्ट नव्हे. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हरिपूरच्या घट्ट मातीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठवीत. तोंड लिंपले की आत हवा खेळत नसे, म्हणून कीड लागत नसे. आणि मनात आले की पेव उघडून पाहावे, अशी सोयही नसे. आत काय आहे याची खात्री भरणाऱ्याच्या शब्दावर असे. २००५च्या महापुराने त्या पेवांची मोठी हानी केली. तरी शब्दावर विश्वास ठेवून पैसे मोकळे करण्याची सवय पेठेच्या अंगात मुरलेली आहे. अशा पेठेत चाळीस वर्षे काढलेल्या एका व्यापाऱ्याला एका जुन्या जीपने तीन आठवडे झोप लागू दिली नाही.

गृहस्थ हळदीबरोबर काळ्या मिरीचाही व्यापार करतात. मिरी चिकमगळूरकडून येते. तेथील एका कॉफीच्या मळ्याशी पेढीचा संबंध त्यांच्या वडिलांपासूनचा. आषाढात मळेवाल्याच्या मुलाचा फोन आला. भावाभावांत वाटणी व्हायची आहे, शेड मोकळी करायची आहे आणि तीत वडिलांची जीप बारा वर्षे उभी आहे. किंमत नव्वद हजार, इसार दहा हजार. “तुमच्या वडिलांकडे असलीच गाडी होती ना? म्हणून आधी तुम्हाला विचारतो,” असे तो कानडीत म्हणाला.

असलीच होती, हे खरे. महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी १९४७ मध्ये मुंबईत सुरू केली आणि पुढे सीजे-३बी हे उंच बॉनेटचे मॉडेल अनेक वर्षे बनवले. ते बॉनेट शोभेसाठी उंच नव्हते. हरिकेन इंजिनाचे आत घेणारे व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आले, इंजिनाची उंची वाढली, म्हणून झाकण उचलावे लागले. त्या जीपमधून वडील नदीकाठची काळी रानेसुद्धा पावसाळ्यात पालथी घालीत. मग एका वर्षी हळदीचा भाव कोसळला. घेणेकऱ्यांचा एक पैसा बुडवायचा नाही म्हणून जी वस्तू सर्वांत आधी विकली गेली, ती ही जीप. घरात तिचा एकही फोटो नाही. जुन्या वहीत जमेच्या बाजूला एक ओळ आहे, तेवढीच.

मळ्यावरून फोटो मात्र भरपूर आले. फोटोत गाडी चांगली दिसते. जुन्या गाडीच्या फोटोचे कामच ते. पण फोर व्हील जीप घेणाऱ्याला जे पाहायचे असते ते सगळे खाली असते. मागच्या पाट्यांच्या कड्यांपाशी चासी गंजून पोकळ झाली आहे काय? ड्रायव्हरच्या सीटखालची पेट्रोलची टाकी शाबूत आहे काय? पुढच्या चाकांना फिरवणारा शाफ्ट जागेवर आहे, की एखाद्या मिस्त्रीने ‘उगीच पेट्रोल खातो’ म्हणून केव्हाच काढून टाकला आहे? गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन दांडे दिसतात, पण दांडे असले म्हणजे त्यांच्याखाली गिअर असतातच असे नाही.

कागदांचेही तसेच. अशा कित्येक जीपमध्ये मागाहून डिझेल इंजिन बसवले गेले आणि आरसीवर मात्र पेट्रोलच राहिले. असा बदल कायद्याप्रमाणे आरसीवर चढवून घ्यावा लागतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी व्हायला हवे. या गाडीचे दोनदा राहून गेले होते. १९७४ची हाताने लिहिलेली आरसी संगणकावर चढली नसेल, तर कर्नाटकाच्या आरटीओकडून ना-हरकत दाखला निघणार नाही, आणि तो नसेल तर महाराष्ट्रात गाडी नावावर होणार नाही. चासीवर ठोकलेला नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. हा नंबर तेवढा त्यांनी मागवला. गंजावर खडू घासून घेतलेला त्याचा फोटो आला. सहावा आकडा तीन आहे की आठ, हे कोणालाही सांगता येईना.

हळद घेताना व्यापारी हळकुंड मोडतो, आतला रंग पाहतो आणि एका मुठीवरून पोत्याचा अंदाज बांधतो. १९३०च्या वस्तुविक्री कायद्यातही नमुन्यावरून होणारी विक्री आणि वर्णनावरून होणारी विक्री यांसाठी वेगवेगळी कलमे आहेत. जीपला नमुना नसतो. तिचे एक मडगार्ड चांगले असले म्हणून दुसऱ्याविषयी काही सिद्ध होत नाही. राहते वर्णन, आणि वर्णन करणारा माणूस सज्जन असला, तरी त्याने स्वतः गाडीखाली डोके घातलेले नसते.

मग जाऊन पाहावे, हे कोणीही सांगेल. अंतर सुमारे पाचशे किलोमीटर, म्हणजे एका दिवसाचा प्रवास. पण त्यांनी चातुर्मासाच्या आरंभी मुनिमहाराजांसमोर देशव्रत घेतले होते: सांगली आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांबाहेर जायचे नाही. चालू व्यापाराच्या पत्रव्यवहाराची आणि मालाची सूट ठेवली होती, कारण पेढीवर दहा माणसांचे पोट आहे. स्वतःसाठी नवी वस्तू घेण्याची सूट ठेवली नव्हती. तशी वेळ येईल असे वाटलेच नव्हते.

मुलगा म्हणाला, “अण्णा, तुम्ही जाऊ नका. मी जातो, नाही तर मिस्त्रीला पाठवू. व्हिडिओ कॉल करू, तुम्ही इथे बसून बघा. पैसे मोबाइलवरून पाठवू आणि गाडी ट्रकवर घालून आणू. तुमचं व्रत कुठं मोडतंय?”

अण्णांनी कपाटातून तत्त्वार्थसूत्र काढले. सातव्या अध्यायात देशव्रताचे पाच अतिचार दिले आहेत, आणि लहानपणी पाठशाळेत पाठ केलेले ते शब्द त्या रात्री त्यांना प्रथमच नीट वाचल्यासारखे वाटले. आनयन, म्हणजे मर्यादेबाहेरून वस्तू आणवणे, इथे ट्रक. प्रेष्यप्रयोग, म्हणजे आपण न जाता माणूस पाठवणे, मिस्त्री. शब्दानुपात, म्हणजे आवाजाने पलीकडच्याला खूण करणे, फोन. रूपानुपात, म्हणजे स्वतःचे रूप दाखवून इशारा करणे. व्हिडिओ कॉल याहून वेगळा काय? आणि पुद्गलक्षेप, म्हणजे खडा टाकून लक्ष वेधणे. दहा हजारांचा इसार हा खडाच की! मुलाने सुचवलेली प्रत्येक सोय सूत्रकारांनी आधीच मोजून ठेवली होती. पळवाटा जुन्याच असतात, वाहने तेवढी नवी येतात.

मुलाने आणखी एक वाट दाखवली: गाडी पेढीच्या खाती घालावी, म्हणजे ती चालू व्यापारात मोडेल. व्यापारी घरात ही युक्ती सुचणे स्वाभाविक आहे आणि आयकरापुरती ती पुष्कळदा चालतेही. अण्णा एवढेच म्हणाले, “व्रत पेढीनं घेतलेलं नाही.”

वहिनींची हरकत वेगळीच होती. परिग्रह-परिमाणात घरासाठी चारचाकी वाहने दोनच, असे लिहून ठेवले होते आणि दोन आहेत. रत्नकरंड श्रावकाचारात या व्रताच्या अतिचारांत पहिलेच नाव अतिवाहन हे आहे. कोणी त्याचा अर्थ बैलांना लोभाने शक्तीबाहेर चालवणे असा करतात, कोणी गरजेपेक्षा जास्त वाहने ठेवणे असा. वहिनींना दुसरा अर्थ पसंत होता. “जीप आली तर कोणती गाडी जाणार, ते आधी सांगा. आणि जीर्णोद्धार म्हणू नका. जीर्णोद्धार मंदिराचा असतो.” तो शब्द अण्णांनी त्या दिवशी सकाळीच उच्चारला होता. त्यांनी आपली मोटार विकायची ठरवली. हा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा होता.

श्रावण लागला. मलनाडचा पाऊस शेडच्या पत्र्यातून गळत होता आणि पेवात जे टिकते ते शेडमध्ये टिकत नाही. तशात मळ्यावरून दोन बातम्या आल्या. पहिली अशी की बेंगळुरूचा एक गिऱ्हाईक न पाहताच पंच्याऐंशी हजार द्यायला तयार आहे. दुसरी त्या मुलाने सहज सांगितली. तुमची खात्री पटावी म्हणून इंजिन चालू करून दाखवतो, म्हणाला. नवी बॅटरी आणली आहे, प्लगच्या भोकांतून तेल सोडून दोन दिवस ठेवू, मग हँडल मारून पाहू. फक्त बॉनेटखाली एअर फिल्टरजवळ खारीने घरटे केले आहे, सीटचा कापूस ओढून नेला आहे. आत पिले आहेत, डोळे अजून उघडलेले नाहीत. ते दहा मिनिटांत काढून टाकतो.

बारा वर्षे जिला कोणी हात लावला नाही, ती गाडी या काळात रिकामी नव्हती. नादुरुस्त वाहन आपण ‘पडून आहे’ असे म्हणतो. त्यात मुंग्या, पाली, गांधीलमाश्या, उंदीर आणि खारी संसार करीत असतात. एका श्रावकाची नव्वद हजारांची खात्री पटावी म्हणून त्या पिलांना पावसात जायचे होते, तेही त्याने मागितले म्हणून. तोवर अण्णांचा हिशेब पैशांचा आणि व्रताच्या शब्दांचा होता. न पाहता घ्यावे तर धोका खिशाला. पाहून घ्यावे तर जीव दुसऱ्याचा. आणि घेण्याची घाई केली, तर पिलांचे जे व्हायचे ते व्हायचेच.

दुसऱ्या दिवशी अभिषेक आटोपून आल्यावर त्यांनी फोन लावला. हाही शब्दानुपातच, हे त्यांना माहीत होते. पण समोरच्याला ताटकळत ठेवणे त्यांना अधिक वाईट वाटले, आणि त्याचे प्रायश्चित्त महाराजांना विचारायचे त्यांनी मनाशी ठरवले होते. इसार पाठवत नाही, म्हणाले. गाडी माझ्यासाठी राखून ठेवा, असेही म्हणत नाही. शब्द न देता अडवून धरणे बरे नव्हे. चातुर्मास संपल्यावर गाडी तिथेच असेल तर स्वतः येईन, खाली झोपून चासी पाहीन आणि जो भाव योग्य वाटेल तो सांगेन. नसेल तर मिरीचा व्यवहार आहेच.

पलीकडे थोडा वेळ पावसाचाच आवाज येत राहिला. मग त्याने विचारले, “अण्णा, वाटणी भाद्रपदात आहे. बेंगळुरूवाल्याला होय म्हणू?”

“म्हणा. पण त्याला सगळं सांगून म्हणा. आरसी संगणकावर चढलेली नाही, नंबरातला एक आकडा वाचता येत नाही, नूतनीकरण दोनदा चुकलंय आणि चासी खालून कोणी पाहिलेली नाही.”

“एवढं सांगितलं तर तो घेईल?”

“ते त्याला ठरवू दे. आणि त्याने घेतली, तरी काही आठवडे बॉनेटला कोणी हात लावू नका. पिलं बाहेर पडू देत.”

“तेवढं मी बघतो,” तो म्हणाला, आणि मग नव्या मिरीच्या ओलाव्याविषयी बोलणे सुरू झाले.