डॅव्हनपोर्टची चढण आणि माझी पाठ

मागच्या वर्षी मे महिन्यात आम्ही दोघं मुलाकडे अमेरिकेला जाऊन आलो. परत आल्यापासून मंडळातल्या मैत्रिणी विचारताहेत, "नायगारा पाहिला का? न्यूयॉर्क कसं वाटलं?" खरं सांगायचं तर दोन्ही पाहिलं नाही. पाहिली ती मिसिसिपी नदी, मैलोन्‌मैल मक्याची शेतं आणि पाठीचा एक दवाखाना. हळदीकुंकवाला त्या दवाखान्याचा विषय निघाला आणि मला इतके प्रश्न विचारले गेले की म्हटलं, एकदाच अंकासाठी लिहून काढावं.

आमचा मुलगा आधी देवासला जॉन डिअरच्या ट्रॅक्टर कारखान्यात होता. रोज इंदूरहून जाऊन-येऊन करायचा. मग कंपनीने त्याला मोलीन या गावी पाठवलं. जॉन डिअरने 1848 मध्ये आपला नांगराचा कारखाना इथेच आणला आणि कंपनीचं मुख्य कार्यालय आजही इथेच आहे. शिकागोहून मोटारीने साधारण तीन तासांचा रस्ता. मोलीन, रॉक आयलंड, डॅव्हनपोर्ट, बेटेनडॉर्फ अशी गावं एकमेकांना चिकटून नदीच्या दोन्ही काठांवर वसली आहेत. अलीकडे इलिनॉय राज्य, पलीकडे आयोवा. मिसिसिपी उत्तरेकडून दक्षिणेला वाहते असं मी मुलांना शाळेत शिकवलं होतं. इथे मात्र ती चक्क पश्चिमेला वळून वाहते. पहिले दोन दिवस सूर्य नदीच्या कुठल्या टोकाला मावळतो याचाच आम्हाला घोळ होता.

आम्ही गेलो होतो नातवासाठी. तो आठ महिन्यांचा होता आणि सूनबाईला कामावर परत रुजू व्हायचं होतं. पाळणाघराआधी तीन महिने आजी-आजोबा सांभाळतील, असं ठरलेलं. आणि आल्यानंतर पाचव्याच दिवशी त्याला पाळण्यातून उचलताना माझ्या कमरेत अशी सणक गेली की बाळाला कसंबसं गादीवर टेकवलं आणि मी तिथेच खाली बसले.

उसण, पायाळू आणि मालिश

लहानपणी आमच्या रामबागेतल्या वाड्यात कुणाला उसण भरली की माझ्या थोरल्या आत्याला बोलावणं जायचं. आत्या पायाळू. ती पाठीला हलकेच पाय लावायची आणि मोठी माणसं "आता बरं वाटतंय" म्हणत उठायची. पुढे राजवाड्याजवळचे एक मालिशवाले प्रसिद्ध होते. ते लचक काढून द्यायचे. आमचे हे तर चाळीस वर्षं एकाच न्हाव्याकडे जातात. केस कापून झाले की तो डोकं दोन्ही हातांत धरून मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कडकन मोडतो. त्याशिवाय ह्यांना कटिंग झाल्यासारखी वाटत नाही.

तेव्हा "इथे कायरोप्रॅक्टरकडे जाऊ या" असं सून म्हणाली आणि ते हाताने मणके दाबून उपचार करतात असं तिने समजावलं, तेव्हा मला त्यात काही नवल वाटलं नाही. म्हटलं, म्हणजे इथली पायाळू आत्याच की! पण एक गोष्ट मनात टोचत होती. ती मी कुणालाच सांगितली नव्हती.

फॉर्मवरचा एक चौकोन

दवाखाना छोटासाच होता. डॉक्टर तिशीची, हसतमुख मुलगी. आधी चार पानी फॉर्म दिला. मी बोलत होते आणि सून भरत होती. दुखणं कसं आहे, यावर तिची फार पंचाईत झाली. मी म्हणाले, उठताना सणक जाते, बसलं की रग लागते, रात्री ठणकतं आणि सकाळी पाठ भरून येते. ती म्हणाली, "आई, इंग्रजीत सगळ्याला एकच शब्द आहे!"

मग तिने वाचलं, "हाडं ठिसूळ झाली आहेत का? ऑस्टिओपोरोसिस?" आणि चौकोनापाशी पेन धरून माझ्याकडे पाहिलं.

इंदूरला दोन वर्षांपूर्वी माझी हाडांची तपासणी झाली होती. आकडा आला होता उणे 2.8. उणे अडीचच्या खाली गेलं की हाडं ठिसूळ झाली असं धरतात. गोळ्या चालू होत्या, पण त्या मी व्हिटॅमिनच्या डबीत ठेवायचे. मुलाला कळलं असतं तर त्याने मला एवढ्या प्रवासाला येऊ दिलं नसतं आणि सूनबाईने बाळ माझ्या हातात दिलं नसतं. आता "नाही" म्हटलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. "हो" म्हटलं तर सगळंच उघडं पडणार होतं.

मी क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "हो. आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं, खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला. एक शब्दही बोलली नाही. ते न बोलणंच मला जास्त लागलं.

तो कागद वाचून डॉक्टर खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. म्हणाली, "हे सांगितलंत ते फार बरं केलंत. आज मी तुमच्या पाठीवर जोर लावणार नाही. आधी एक्स-रे काढू." ठिसूळ हाडांच्या माणसाचा मणका नुसत्या उचलण्याने किंवा वाकण्यानेही दबून मोडू शकतो, आणि तसं झालं असेल तर त्यावर दाब देणं म्हणजे इजा वाढवणं. आमच्या शेजारच्या वहिनींकडे घराची किल्ली होती. त्यांनी कपाटातून जुना रिपोर्ट शोधून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. एक्स-रेमध्ये मणका मोडलेला नव्हता. स्नायू आणि सांधे धरले होते.

तुम्ही विचारलेले प्रश्न

आता मैत्रिणींनी विचारलेल्या आणि मीही तिथे विचारलेल्या प्रश्नांकडे वळते.

हे खरे डॉक्टर असतात का? अमेरिकेत त्यांना 'डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक' अशी पदवी असते. कॉलेजनंतरचा अनेक वर्षांचा अभ्यास असतो, परीक्षा असतात आणि सर्व 50 राज्यांत परवाना लागतो. पण ते एमडी नव्हेत. शस्त्रक्रिया करत नाहीत आणि आपल्या डॉक्टरांसारखी औषधं लिहून देत नाहीत. आपल्याकडे असे शिकलेले लोक अजून थोडेच आहेत. तेव्हा पाटी पाहून आत शिरू नका. कुठे शिकलात, किती वर्षं, हे तोंडावर विचारा. विचारायला लाजायचं नाही.

कट्ट असा आवाज येतो, तेव्हा हाड जागेवर बसतं का? मलाही असंच वाटायचं. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा झटकन ताणला गेला की त्यातल्या वायूमुळे तो आवाज होतो. बोटं मोडताना होतो तसाच. आवाज आला म्हणजे गुण आला असं नाही, आणि नाही आला म्हणजे पैसे वाया गेले असंही नाही.

दुखतं का? मला नाही दुखलं. दुसऱ्या दिवशी अंग आंबल्यासारखं झालं. असं एक-दोन दिवस होऊ शकतं, हे तिने आधीच सांगितलं होतं.

मानेचं काय? हा प्रश्न ह्यांनी विचारला, न्हाव्याची सगळी हकीकत सांगून. डॉक्टर एकदम गंभीर झाली. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात. मान झटक्याने फिरवल्यावर त्यातल्या एखाद्या वाहिनीला आतून चीर पडून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. फार क्वचित, पण आहेत. अशी चीर आधीच पडलेली असते आणि माणूस मान दुखते म्हणूनच उपचाराला येतो, असंही काही वेळा असतं, त्यामुळे दोष कशाचा यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण अचानक, पूर्वी कधी झाली नाही अशी मान किंवा डोकेदुखी, चक्कर, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूला अशक्तपणा असं काही असेल तर मानेला कुणाला हात लावू द्यायचा नाही. थेट इस्पितळ गाठायचं. "आणि न्हाव्याला तर अजिबात नाही," असं ती ह्यांना म्हणाली.

कुणी जाऊच नये? ठिसूळ हाडं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पूर्वी कर्करोग झालेला असणं, नुकतंच पडणं यापैकी काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. कंबरदुखीबरोबर पायात जोर नसणं, मांड्यांच्या आतल्या भागाला बधिरपणा, लघवी किंवा शौचावर ताबा न राहणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं, यांतलं काही दिसलं तर मालिश, मणका, शेक सगळं बाजूला ठेवून लगेच इस्पितळात जावं.

मधुमेह, दमा, रक्तदाब बरा होतो का? नाही. असं कुणी म्हणालं तर चप्पल घालून परत यावं.

एकदा सुरू केलं की जन्मभर जावं लागतं का? माझ्या डॉक्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं, सहा वेळा या. फरक पडला नाही तर मी तुम्हाला दुसरीकडे पाठवीन. वर्षभराचे पैसे आधी भरा असं सांगणाऱ्यापासून दूर राहावं, असं मला वाटतं. आपल्याकडचे फिजिओथेरपिस्टही हाताने सांधे मोकळे करतात आणि व्यायाम शिकवतात, हेही विसरू नका.

माझ्यावर तिने झटका देणारा उपचार एकदाही केला नाही. हलक्या हाताचा दाब, थोडं ताणणं आणि तीन व्यायाम, एवढंच. शिवाय रोज नदीकाठी चालायला सांगितलं. प्रवासी विम्यात हे बसलं नाही, पैसे पदरचे गेले. पाचव्या आठवड्यात मला नीट वाकता येऊ लागलं. उपचाराने किती आणि काळाने किती, हे मी सांगू शकत नाही. अशी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच ओसरते, हे तिनेही लपवलं नाही.

ब्रॅडी स्ट्रीटवर

बरं वाटू लागल्यावर एका रविवारी मुलाने पूल ओलांडून डॅव्हनपोर्टला नेलं. नदीपासून ब्रॅडी स्ट्रीट सरळ टेकडीवर चढते. ही चढण बघून मला आधी धडकीच भरली. दर जुलैमध्ये लोक इथे शर्यतीत धावत वर जातात म्हणे! वर गेलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पामर कॉलेज पसरलेलं दिसतं. ही सगळी विद्या याच गावात जन्मली, हे तोवर मला माहीत नव्हतं.

डॅनियल डेव्हिड पामर हे मूळचे कॅनडातले. शिक्षकी केली, किराणा दुकान चालवलं, मग हाताने 'चुंबकीय' उपचार करू लागले. 18 सप्टेंबर 1895 रोजी त्यांनी हार्वे लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीतला एक मणका दाबला आणि सतरा वर्षं बहिरा असलेल्या त्या माणसाला ऐकू येऊ लागलं, अशी ही कथा आहे. 1897 मध्ये त्यांनी शिकवणं सुरू केलं. ग्रीक भाषेतला 'हात' आणि 'करणे' यांवरून नाव बनलं. शंभरातले पंचाण्णव आजार मणक्यांमुळेच होतात, असं पामर म्हणत. डॉक्टर मंडळी हे कसं ऐकून घेणार? 1906 मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून पामर तुरुंगात गेले. पुढे हा झगडा इतका वाढला की 1976 मध्ये काही कायरोप्रॅक्टर अमेरिकन मेडिकल असोसिएशनविरुद्ध कोर्टात गेले, आणि 1987 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला.

आमचे हे पाटी वाचता वाचता म्हणाले, "अगं, पण कानाची नस पाठीतून कुठे जाते? ती तर डोक्यातल्या डोक्यात असते." खरंच आहे. मला मात्र आमच्या आत्याचा पाय आठवला. तिच्या पायाने बरे झालेले लोकही मी डोळ्यांनी पाहिले आहेत. पण ती कुणाला आधी काही विचारायची नाही. ह्या मुलीने चार पानं विचारलं, आणि नको तिथे हात लावला नाही. माझ्या मते मी वाचले ती त्या चार पानांमुळे.

त्या दिवशी उतरताना सूनबाई माझा हात धरून चालत होती. मीच विषय काढला. म्हणाले, "सांगायला हवं होतं मी. चुकलं माझं." ती म्हणाली, "आई, मी रागावले नव्हते. तुम्ही बाळाला घेऊन पडला असतात तर, हाच विचार डोक्यातून जात नव्हता." मग जरा थांबून म्हणाली, "आणि तुम्हाला माझ्याशी हे बोलता आलं नाही, याचं वाईट वाटलं."

दुसऱ्या दिवसापासून आमची नवी व्यवस्था झाली. उचलायचं काम आजोबांचं. मी आधी खुर्चीत नीट बसायचं आणि मग हे बाळाला माझ्या मांडीवर द्यायचे. गोळ्यांची डबी स्वयंपाकघरात सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. सूनबाई ठरल्याप्रमाणे जूनअखेर कामावर गेली.

इंदूरला परत आल्यावर ह्यांची पहिली कटिंग झाली. न्हाव्याने सवयीने डोक्याला हात लावला तसे हे म्हणाले, "बस भैया, गर्दन रहने दो." तो बिचारा हिरमुसला. ह्यांनी त्याला दहा रुपये जास्त दिले.